वीतभर खोल

पाणीखात्यात पाइप टाकणाऱ्या टोळीचे ते मुकादम. लोक त्यांना खोलराव म्हणत. नाव टोळीतल्या मजुरांनी पाडलेलं. चर कितीही खणा, मुकादम काठावर उकिडवे बसून आत वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अजून खोल." एखादा मजूर कंबर धरून म्हणायचा, "मुकादम, आता पाताळ लागेल." त्यावर उत्तर ठरलेलं, "लागू दे. पाताळातला पाइप फुटत नाही."

यात मिजास नव्हती, मार खाऊन आलेलं शहाणपण होतं. उथळ टाकलेला पाइप ट्रकच्या चाकाखाली पिचतो, कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठून तडकतो, आणि मग गल्लीत तळं साचलं की लोक येऊन खोलरावांचंच दार वाजवतात. उघडं ते फुटतं, झाकलं ते टिकतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी नोकरी केली आणि संसारही त्याच भांडवलावर रेटला. बाकीच्यांना गाव वरून माहीत असतं, यांना ते खालून माहीत होतं. कुठल्या वळणाखाली जुना बिडाचा पाइप गंजत पडलाय, कुठल्या प्रतिष्ठित गृहस्थाने चोरून जोड घेतलाय, सगळं पोटात. रस्त्याने जाताना ते लोकांच्या तोंडाकडे कमी आणि पायांखाली जास्त बघत.

आणखी एक गोष्ट. खोलराव कधी कोणाला विचारत नसत. "खणू का, खणू का असं दारोदार विचारत बसलो असतो तर अर्धं गाव आजही तहानलेलं असतं," असं ते अभिमानाने सांगत. घर कुठे घ्यायचं, भिंतीला रंग कुठला, लेकीला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळं त्यांनी असंच ठरवलं. पंचाईत अशी की ठरवलेलं बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकणाऱ्या नवऱ्याशी बाईला निदान भांडता तरी येतं.

त्यांची बायको पडदे शिवायची. पुढच्या खोलीत, दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीपाशी तिचं मशीन होतं. मान वर केली की गल्ली दिसायची आणि मान खाली केली की शिवण. खिडकीच्या बाहेर फाटकापर्यंत मातीचा एक लांबट पट्टा होता. त्यात तिचे आयरिस. एक गिऱ्हाईक घर बदलताना जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून कंद देऊन गेलं होतं. दिसायला आल्याच्या गड्ड्यासारखे, पानं तलवारीच्या पात्यासारखी, आणि फुलाच्या खालच्या लोंबत्या पाकळीवर मधोमध केसाळ पट्टा. म्हणून त्यांना दाढीवाले म्हणायचे. जांभळ्या फुलाला केशरी दाढी, पांढऱ्याला पिवळी.

आयरिस बऱ्याच जणांकडे असतात. वसंतात फुलतात आणि मग वर्षभर नुसती पानं दाखवत बसतात. हिचे दुबार फुलणारे होते. पानगळ सुरू झाली, बाकीच्या बागा भिकाऱ्यासारख्या दिसायला लागल्या, की यांच्यातून पुन्हा दांडे वर यायचे. बायको म्हणायची, "पहिला बहर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. दुसरा माझा." त्या दिवसांत ती पडदे उशिरा द्यायची आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची. बहिणीच्या घरचं कार्य असो की लेकीचं आजारपण, दुसरा बहर सोडून ती कुठे गेल्याचं खोलरावांना आठवत नव्हतं.

मग खोलराव निवृत्त झाले.

बाकीची माणसं निवृत्त झाली की पेपर वाचतात, चौकात बसून सरकार पाडतात. यांनी घर तपासायला घेतलं. आधी सगळ्या नळांचे वायसर बदलले. ते चाललं. मग स्वयंपाकघरातल्या फळ्या वीतभर वर घेतल्या, कारण खालून ओल येते. त्यानंतर बायको डबा काढायला स्टुलावर चढायला लागली. मग एक दिवस ती पडदे पोचवायला गेलेली असताना त्यांनी शेजारच्या सुताराला हाक मारली आणि दोघांनी मिळून मशीन उचलून आतल्या खोलीत नेलं. वर छान नवीन ट्यूबलाइट बसवली. खिडकीतून वारा लागून तिची मान धरायची, म्हणून.

ती परत आली. मोकळ्या खिडकीकडे बघितलं, आत जाऊन मशीनकडे बघितलं.

"विचारलं असतं तर?" ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? तुझी मान मला दिसत नाही का?"

"मान दिसते," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

वसंतातला बहर तेव्हा नुकताच संपत होता. दोन दिवसांनी तिने फुलून गेलेले दांडे बुडापासून कापले, पिशवी भरली आणि म्हणाली, "चार दिवस ताईकडे जाऊन येते." थोरल्या बहिणीचं गाव बसने तासाभरावर. खोलराव म्हणाले, जा की. पिशवीत तिने मोठी कात्रीही घातली होती, ती त्यांनी बघितली होती. पण चार दिवसांसाठी कोणी आपली पडदे कापायची कात्री नेत नाही, हे त्यांच्या डोक्यात उतरायला पंधरवडा गेला.

फोन केला की मेहुणी उचलायची. "ती कामात आहे, भाऊजी. निरोप सांगा." खोलराव निरोप सांगायचे. वीजबिल भरलं. तुझ्या त्या निळ्या पडद्यावाल्या बाई येऊन गेल्या. मान कशी आहे. निरोप जायचे, उत्तर यायचं नाही. जुन्या पाइपलाइनसारखं. इकडून दाब द्या, तिकडे नळाला नुसती हवा.

"भांडण झालं का तुमचं?" सुताराने विचारलं. सुतार म्हणजे लहानपणापासूनचा सोबती, त्यामुळे तो काहीही विचारू शकत असे.

"नाही."

"मग अवघड आहे," सुतार म्हणाला. "भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं."

खोलरावांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांना मार्ग सापडला. दुसरा बहर. तो ती चुकवणार नाही. आपण फक्त बहर असा आणायचा की गल्लीने बघत राहावं. मग फोन करून एवढंच म्हणायचं, फुलं आलीत, ये. ती येईल. बाकी काही बोलायची वेळच येणार नाही, आणि तेच त्यांना हवं होतं. माफी मागायची तर कशाची, हे त्यांना प्रामाणिकपणे समजलेलं नव्हतं.

ते फाटकापाशी उकिडवे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आयरिसचा पट्टा नीट बघितला. बघून त्यांना धक्काच बसला. कंद निम्मे मातीच्या वर. पाठी उघड्या, उन्हाने तांबूस, सुरकुतलेल्या. एकमेकांच्या अंगावर चढून नुसते पडलेले. इतकी वर्षं या बाईने यांना मातीचं साधं पांघरूणही दिलं नाही, आणि तरी बिचारे फुलत आले. नीट काळजी घेतली तर काय करतील.

त्यांनी जुने बूट चढवले, फावडं काढलं.

सुतार कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला. "काय रे, कोणाला पुरतोयस?"

"कंद खाली घेतोय."

"किती खाली?"

"वीतभर."

"वहिनींना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? उघड्यावर पडलेत. पाठ बघ, करपलीय पार."

"मला आपलं वाटायचं, ते तसेच असतात."

"तुला खुर्ची कळते," खोलराव म्हणाले. "जमिनीखालचं मला बोलू दे."

त्यांनी दोरी ताणली. चर काढला, तळ सपाट आहे ना, हे पाणसळ लावून बघितलं. आयरिस पाणसळीत बसवायची बुद्धी याआधी कोणा माळ्याला झाली असेल असं वाटत नाही. कंद एका रेषेत मांडले, खालून-वरून शेणखताचा जाड थर दिला, माती लोटली, चोपली, वर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं. रात्री गारठा नको, दिवसा ऊन नको. आणि पाणी रोज, सकाळ-संध्याकाळ. पाण्याच्या बाबतीत या माणसाचा हात कोण धरणार?

कौतुकाची गोष्ट म्हणजे झाडांनी आधी दाद दिली. पानं तरारली. काळीभोर हिरवी, रुंद, कमरेला लागतील अशी. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. खोलरावांनी सुताराला हाताला धरून आणून दाखवलं. सुतार म्हणाला, "पानं झकास आहेत." खोलरावांनी मेहुणीला फोन केला.

"ताई, तिला सांगा, आयरिसची पानं कमरेला लागलीत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पानं?"

"एवढंच?"

"एवढंच. पण दोनदा म्हणाली."

ते दोनदा म्हणणं खोलरावांनी शुभशकुनात जमा केलं.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा वास सुरू झाला. आधी संध्याकाळी, फाटकाशी, पुसटसा. मग दिवसाही. कुजकट, चिकट, गटारीसारखा. वासाचा माग काढणं हा खोलरावांचा उभ्या जन्माचा धंदा, त्यामुळे त्यांना एका अर्थाने बरंच वाटलं. कित्येक आठवड्यांनी स्वतःच्या कामाचं काम आलं होतं. सांडपाण्याची लाइन गळतेय, असं त्यांनी उभ्या उभ्या निदान केलं. चेंबर उघडलं. स्वच्छ. फाटकापासून न्हाणीघरापर्यंतची लाइन खणून काढली. सांधे कोरडे ठणठणीत. मग राहता राहिला शेजार.

"तुझी टाकी गळतेय," त्यांनी कुंपणावरून सुताराला सांगितलं.

"माझी टाकी तूच बांधलीस."

"मग नाही गळणार," खोलराव म्हणाले आणि परत घरी आले.

अंगणात सगळीकडे मातीचे ढीग. त्यातून वाट काढताना त्यांचा तोल गेला आणि आधाराला म्हणून त्यांनी आयरिसच्या पानांचा झुबका धरला. झुबका मुळासकट हातात आला. मुळासकट म्हणजे मुळाशिवाय. बुडाशी पानं तपकिरी, बुळबुळीत होऊन सुटली होती. त्यांनी आच्छादन बाजूला केलं आणि मातीत हात घातला. कंदाच्या जागी पाण्यात विसरलेल्या साबणाच्या वडीसारखं काहीतरी लागलं. बोटं आत गेली. वास भपकन वर आला आणि लाइनीवरचा संशय कायमचा मिटला.

दुसरा झुबका ओढला. तोही आला. तिसरा जरा अडला, त्यांना आशा वाटली, मग तोही आला.

खोलराव स्वतः खणलेल्या चराच्या काठावर पाय सोडून बसले. फुलं गेली तर गेली, बाजारात मिळतात. पण खोलरावांकडे तिला बोलवायला दुसरं काहीच नव्हतं. घर होतं, पण घरातून तर ती गेली होती.

सुतार आला, हाताचा वास बघून नाकाला रुमाल लावला आणि शेजारी बसला. "आता?"

"औषध असेल काहीतरी."

"जिचे आहेत तिला विचार."

"तिला काय सांगू? तुझे आयरिस मारले म्हणून?"

"सांग कुठे म्हणतोय मी? विचार म्हणतोय."

खोलरावांनी विचारलं नाही. दोन दिवस स्वतःच्या अकलेने चालवून बघितलं. पाणी बंद केलं, वर राख टाकली, एका कोपऱ्यातली माती बदलली. दोन दिवसांत आणखी तीन झुबके आडवे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या फुलाचा एक झुबका कलला, तेव्हा ते मातीच्याच हाताने आत गेले आणि फोन लावला.

"ती कामात आहे, भाऊजी. निरोप सांगा."

"निरोप नाही, ताई. तिला विचारायचंय."

"काय करायचंय?"

"विचारायचंय."

मागे मशीनची खडखड चालू होती, ती थांबली. मग बायकोचा आवाज आला, "बोला."

इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून खोलरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "आयरिस सडतायत," ते म्हणाले. "पानं हातात येतायत. काय करू?"

"वर माती घातलीत?"

"हो."

"किती?"

"वीतभर."

"खत?"

"शेणखत. बरंच."

"पाणी?"

"रोज."

"रोज," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. खोलराव बोलणी खायला मान खाली घालून उभे राहिले. बोलणी आली असती तर बरं झालं असतं. "नीट ऐका," ती म्हणाली. "सगळे वर काढा, चांगले दिसतात तेसुद्धा. मऊ भाग कापायचा. मऊ संपला की थांबायचं नाही, कडक पांढरं लागेपर्यंत कापायचं. तिथे दया करू नका. सुरी दर वेळी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायची, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला लावाल."

"ब्लीचिंग आहे घरात."

"तुमच्याकडे नसेल तर कोणाकडे असेल? मग उन्हात पसरा, जखम वरच्या बाजूला. कोरडी खपली धरली की लावा. आणि पाठ उघडी ठेवायची."

"पाठ करपते गं."

"करपू दे. ते ऊन पाठीवर घेतात, तेव्हा फुलतात. बदक पाण्यावर बसतं ना, तसे बसवा. मुळं मातीत, पाठ वर."

उघडं ते फुटतं, हे वाक्य खोलरावांच्या ओठावर आलं. ते त्यांनी गिळलं. "आणि दुसरा बहर?"

"यंदा विसरा."

"त्याच्यासाठीच केलं होतं."

"कशासाठी?"

"तू येशील म्हणून."

फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. परत कानाला लावला तेव्हा ती म्हणत होती, "सुरी दर वेळी बुडवा. विसराल," आणि तिने फोन ठेवला.

खोलरावांनी अंगणात स्टूल टाकलं, बादलीत ब्लीचिंग कालवलं आणि कापायला बसले. या पाण्याचा वास त्यांच्या ओळखीचा, गावाच्या टाकीत त्यांनीच इतकी वर्षं ओतलेलं. काम मात्र ओळखीचं नव्हतं. पाइप सडला तर सडलेला तुकडा काढून नवा जोडता येतो. इथे जोडणं नव्हतं, नुसतं कमी करणं होतं. मुठीएवढा कंद हातात घ्यायचा आणि कापता कापता सुपारीएवढा उरायचा. काहींत पांढरं लागलंच नाही. ते बाजूच्या ढिगात गेले, आणि ढीग वाढत गेला. सुतार कुंपणाशी आला, बघून काही न बोलता परत गेला. त्याच्याकडून एवढी माया खोलरावांनी कधी अनुभवली नव्हती.

आठवड्याभराने एका दुपारी फाटक वाजलं. बायको उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पायात बाहेरगावच्या चपला. तिने आधी उकरलेल्या अंगणाकडे बघितलं.

"हे काय?"

"सांडपाण्याची लाइन. वास येत होता ना."

"आयरिसचा?"

"तेव्हा कळलं नव्हतं."

ती ओट्यावर पसरलेल्या कंदांपाशी जाऊन बसली आणि एकेक उचलून अंगठ्याने दाबून बघायला लागली. "हा राहील. हाही. हा जाईल, टाका. हा तुम्ही उगाच जास्त कापलात." खोलराव पाठीमागे हात बांधून उभे. पांढऱ्या फुलाचे दोनच वाचले होते, ते तिने वेगळे ठेवले. उरलेले सगळे मिळून एका ताटात मावले असते. पूर्वीचा पट्टा फाटकापर्यंत होता.

"चहा करू?" त्यांनी विचारलं.

"करा."

चहा घेऊन आले तेव्हा ती खिडकीकडे बघत होती. खोलरावांनी कप खाली ठेवला. "मशीन परत खिडकीत ठेवू का?"

तिने कप उचलला, फुंकर घातली. "मशीनचा राग नव्हता. मान खरंच दुखायची. आत नेल्यावर दोनच दिवसांत उतरली."

"मग?"

"मग काय? तुमचं पुन्हा बरोबर निघालं. मी काय बोलणार? फळ्या वर घेतल्या, ओल थांबली. लेकीला त्या शाळेत घातलं, तिचं भलं झालं. आता घरात बसून रोज एकेक बरोबर करत सुटला असतात तुम्ही." ती कंदाच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "हे बाकी चुकलात."

तिच्या आवाजात समाधानाची एक छटा होती. खोलरावांना ती जाणवली, आणि का कोण जाणे, वाईट वाटलं नाही.

ती उठून पट्ट्यात उतरली. पावलाने माती सारखी केली, छोटे छोटे उंचवटे केले आणि त्यांवर कंद बसवायला लागली. खोलराव वर उभे राहून बघत होते. हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते पाठीमागे ठेवले.

"यंदा नाहीतरी उकरायचेच होते," ती म्हणाली. "तीन-चार वर्षांनी वेगळे करावे लागतात. एकाच जागी एकमेकांच्या अंगावर चढले की फुलायचे बंद होतात."

"वेगळे करून मग परत एकत्र लावायचे?"

"एकत्र नाही. शेजारी. मधे हात-दीड हात सोडायचा."

"हात की दीड हात?"

तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. खोलराव खिशातून टेप काढत होते, चेहरा पूर्ण गंभीर. ती हसली नाही. पण टेपचं दुसरं टोक तिने धरलं.

काम संपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने पांढऱ्या फुलाचा एक कंद आणि जांभळ्याचे काही कागदात गुंडाळून पिशवीत घातले. ते बघून खोलरावांना कळायचं ते कळलं. ती राहायला आलेली नव्हती.

"आज थांबतेस?" तरी त्यांनी विचारलं.

"नाही."

"तिकडे काय आहे?"

"तिकडे कोणी काही हलवत नाही," ती म्हणाली. "ताई घोरते, भांडी आपटते, पण माझी वस्तू जागची हलवत नाही. मला तिथे बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू?"

खोलराव फाटकाला धरून उभे राहिले. गंजलेली तोटी जोर लावूनही उघडू नये, तसं त्यांना झालं. "मी तिकडे येऊ का कधी?"

"आधी फोन करा."

"आणि तू नको म्हणालीस तर?"

"तर नको."

बस आली, ती गेली. खोलराव घरात आले आणि दिवे लावायचे विसरून बसले.

मग पानगळ आली. गल्लीतली झाडं उघडी पडली, बागा ओकाबोका झाल्या. फाटकाशी एवढीएवढीशी पानं वर आली होती, बोटभर, एकमेकांपासून मोजून सारख्या अंतरावर. दांडा एकही नाही. कंदांच्या पाठी मातीवर उघड्या. पहिल्या थंडीच्या सकाळी त्यांवर पांढरं, बुरशीसारखं हिम साचलेलं खोलरावांना दिसलं. ते पोतं घेऊन बाहेर आले, पट्ट्यापाशी बराच वेळ उभे राहिले, आणि पोतं घेऊन परत आत गेले. सुताराने कुंपणापलीकडून बघितलं. "झाकत का नाहीस?" "नको म्हणालीय," खोलराव म्हणाले.

दर आठवड्याला फोन चालू होता. आता बायकोच उचलायची, पण बोलणं दोन वाक्यांपलीकडे जायचं नाही. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "आज येऊ का?"

"आज नको. काम आहे."

बूट आधीच पायात होते. इस्त्रीचा शर्ट अंगात होता. बस सुटायला वेळ होता, आणि पूर्वीचे खोलराव असते तर तिथे जाऊन उभे राहिले असते, तिच्या अंगणातली गटार तपासून, दुरुस्त करून, जेवूनच परतले असते. ते पायरीवर बसले. नको हा शब्द त्यांनी नोकरीत हजार वेळा ऐकला होता, आणि तरी रस्ते खणले होते. लेस सोडायला त्यांना वेळ लागला, बोटांनी गाठ सुटेना.

पुढच्या गुरुवारी पुन्हा लावला. या वेळी शर्ट बदलला नव्हता.

"आज येऊ का?"

मागे मशीनची खडखड चालू राहिली, थांबली नाही. मेहुणी काहीतरी पुटपुटली, बायको तिला काहीतरी म्हणाली. खोलराव थांबले.

"या," ती म्हणाली. "पण जेवून या."

"कुठल्या बसने येऊ?"

पलीकडून लांब उसासा आला. "एवढं तुमचं तुम्ही ठरवा."